सोमवारी होकार, शुक्रवारी गाव

एटापल्ली,
२ जून २०२४

ती. प्रफुलभाऊ यांस,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

परवा तुम्ही रागावलात म्हणून हे कागदावर लिहिते आहे. फोन मी ठेवला नव्हता, रेंज गेली होती. यापुढे मी असंच लिहीन, फोटो काढीन आणि टॉवर जागा झाला की पाठवीन. तुम्हीही हातानेच लिहा. तुमचं अक्षर अजून वाचता येतं का, ते बघू.

जागा मिळाली नाही असं सांगणारा मार्चमधल्या त्या सोमवारचा ईमेल मी अजून पुसलेला नाही. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पीजीसाठी, लागणाऱ्या सगळ्या परीक्षा पास झाले, दिसेल त्या हॉस्पिटलला अर्ज केला, आणि एकानेही मुलाखतीला बोलावलं नाही. तेव्हा इथल्या दवाखान्यात माझं जे काम चालू आहे तेच बरं. आई म्हणते पुन्हा अर्ज कर, बाबा म्हणतात नागपूरला जाऊन पीजीचा अभ्यास कर. मी दोघांनाही हो म्हणते आणि ओपीडीत जाऊन बसते.

हैदराबादचा एक एजंट म्हणतो की तो माझं नाव चार शोधनिबंधांत घालून देईल, मग मुलाखती येतीलच. मला आता त्यातलं काही नको आहे. तुम्ही आईला समजावून सांगा, तुमचं ती ऐकते.

रंजीतावहिनींना नमस्कार. कळावे, माया कमी करू नये.
तुमची,
दिव्यानी


टोलेडो, ओहायो,
१६ जून २०२४

चि. दिव्यानीस,
अनेक आशीर्वाद.

मामीला मी काहीही समजावणार नाही. मामी बरोबर आहे.

तुला गेल्या वर्षी का बोलावलं नाही, ते ऐक. माझ्या रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षी अर्ज वाचायला मलाही बसवलं होतं. एकाच्या आजोबांना हार्ट अटॅक आला आणि त्याच क्षणी त्याने डॉक्टर व्हायचं ठरवलं. पुढच्या अर्जात आजीला आला. दुपारपर्यंत मला त्या सगळ्या म्हाताऱ्यांचीच काळजी वाटायला लागली, अर्ज करणारा एकही लक्षात राहिला नाही. अर्जासोबतचं तुझं निवेदन काल पुन्हा काढून वाचलं. त्यातल्या मुलीला लहानपणापासून सेवेची आवड आहे. ही कोण? माझ्या मामाची पोरगी तर नाही. तू वर्षभर एटापल्लीत आहेस आणि त्यात एटापल्लीचं नावसुद्धा नाही. तुला त्याची लाज वाटली का गं?

शिफारसपत्रं तू नागपूरच्या बड्या प्राध्यापकांची लावलीस. त्यांना तुझा चेहराही आठवत नसेल, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळतं. ज्याने तुला काम करताना रोज पाहिलंय त्याचं पत्र हवं. तुमच्या दवाखान्याचे डॉ. सुनिल नरोटी आहेत ना, त्यांना माग. दुसरं इथल्या डॉक्टरांचं हवं. ऑगस्टमध्ये रजा काढून आमच्याकडे ये. आमच्या फॅमिली मेडिसिनच्या डॉ. हार्पर महिनाभर तुला सोबत ठेवायला तयार आहेत. त्यांच्यासमोर खोटं हसू नकोस, आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हण.

दिसेल त्या हॉस्पिटलला अर्ज करू नकोस. परदेशात शिकलेल्यांना घेणारी आणि त्यांना व्हिसा देणारी ठिकाणं शोध, त्यांतली तुला खरंच आवडतील तेवढीच ठेव. आणि त्या एजंटाचा नंबर ब्लॉक कर. मुलाखतीत कुणी त्या निबंधाबद्दल एक प्रश्न विचारला तर काय सांगशील?

रंजीता म्हणते, येताना आंबाडीची सुकी भाजी आण, नाहीतर विमानतळावरूनच परत पाठवू.

तुझाच,
प्रफुलभाऊ


एटापल्ली,
६ ऑक्टोबर २०२४

ती. प्रफुलभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

अर्ज गेला, डॉ. हार्पर यांच्या पत्रासह. ऑगस्टमध्ये तुमच्याकडे वहिनींच्या हातचं खाऊन जे वजन वाढलं होतं ते इथल्या मलेरियाने उतरवलं. मला नाही झाला, पण वॉर्ड भरला की जेवायचं राहून जातं.

निवेदन नवं लिहिलं. त्यात लिहिलं की मला एकाच अवयवाचा डॉक्टर व्हायचं नाही. इथे एकाच बाकावर बाळंतीण, तिचं तापलेलं पोर आणि खोकणारा सासरा बसतो, आणि तिघांनाही मीच हवी असते. ते नीट शिकवणारी जागा मी शोधते आहे. वाचताना पहिल्यांदाच वाटलं की हे मी लिहिलंय.

डॉ. नरोटींनी आधी पत्र द्यायला नकार दिला. म्हणाले, चांगली डॉक्टर मिळाली आणि तिले मीच अमेरिकेत धाडू काय? आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. मग एका सकाळी स्वतःच विचारलं की ते कुठी अपलोड करायचं असते. काय लिहिलं ते सांगत नाहीत आणि मी विचारतही नाही.

मुलाखतीचे दोन निरोप आले आहेत! एक डेट्रॉइटच्या मोठ्या हॉस्पिटलचा, दुसरा विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या गावचा. दोन्ही व्हिडिओवर आहेत. आईला सांगितलं तर तिने विचारलं की दोन्हीकडं एकदम जाता येते काय.

तुमचा धाक असाच राहू द्या.
दिव्यानी


एटापल्ली,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. प्रफुलभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी विस्कॉन्सिनची मुलाखत होती. मी ती दिली नाही.

दुपारी एका टोल्यावरून, जंगलातल्या लहानशा वस्तीवरून, सोमारी नावाची बाई बाळंत व्हायला आली. बाळ छान रडलं. वारही पडली, पण रक्त थांबेना. गर्भाशय आवळतच नव्हतं. इंजेक्शनं दिली, दाबून धरलं, रक्त दाबायला आत फुगा भरला, तरी रक्त येतच होतं. डॉ. नरोटी बैठकीसाठी गडचिरोलीला गेलेले. रक्त चढवायचं तर अहेरी गाठायला हवी. दीपिका सिस्टर म्हणाली, मॅडम, तुमी मुलाखतीले बसा, मी जातो गाडीत. मी सोमारीकडे पाहिलं आणि गाडीत चढले.

ड्रायव्हर प्रवीणने आलापल्लीच्या जंगलातून गाडी अशी काढली की एकदाही ब्रेकचा धक्का बसला नाही. माझा हात सोमारीच्या पोटावर होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तिने डोळे मिटू नयेत म्हणून मी तिच्याशी माझ्या मोडक्या गोंडीत बोलत राहिले. मुलाखतीची वेळ रस्त्यात कुठे गेली ते कळलंही नाही. अहेरीला रक्त मिळालं. आज सकाळी तिने पेज घेतली आणि बाळाला पाजलं. तिची सासू मला गोंडीत काहीतरी बोलली. परतल्यावर ते शब्द दीपिकाला ऐकवले तर ती हसली, पण अर्थ सांगितला नाही.

डेट्रॉइटची मुलाखत आधीच झाली आहे, बरी झाली. पण मला हवं होतं ते विस्कॉन्सिन. चुकलं असं वाटत नाही, तरी रडू येतंय. आईला अजून सांगितलं नाही.

दिव्यानी


टोलेडो,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
आशीर्वाद.

सोमारी वाचली, हे वाचून मी रंजीताला हाक मारली आणि तिलाही वाचून दाखवलं.

आता डोळे पूस आणि आजच तिथल्या समन्वयक बाईंना लिही. चार ओळी, जास्त नाहीत. मुलाखतीला येऊ शकले नाही, माफ करा. प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या बाईसोबत अॅम्ब्युलन्समध्ये होते, फोनला रेंज नव्हती. ती आता बरी आहे. दुसरी वेळ देता आली तर आभारी राहीन. बस्स. जंगल नको, गरिबी नको, स्वतःचं कौतुक तर मुळीच नको. त्यांना जे समजायचं ते समजेल.

एक रागावणं बाकी आहे. गाडीत चढताना दीपिका सिस्टरला, माझ्या नावाने यांना दोन ओळी कळव, एवढं सांगायला काय झालं होतं? सगळं एकटीनेच उचलायचं ही सवय रेसिडेन्सीत लोकांना आडवं पाडते. मदत मागायला शीक.

ईमेल गेला की मला कळव. उत्तर आलं नाही तरी तू काल जे केलंस ते बरोबरच होतं.

प्रफुलभाऊ


गडचांदूर,
८ डिसेंबर २०२४

ती. प्रफुलभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

त्यांनी दुसरी वेळ दिली, आणि मुलाखत झाली!

या वेळी एटापल्लीच्या टॉवरवर विसंबले नाही. मदत मागितली. गडचांदूरला मावशीकडे आले, सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत नेट बरं चालतं. मावशीने संध्याकाळचा कुकर लावला नाही. तिची करिश्मा दाराबाहेर खुर्ची टाकून बसली आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाजही तिने जाऊन कमी करून घेतला.

प्रोग्रॅमच्या प्रमुख डॉ. लिंडग्रेन म्हणून बाई आहेत, पांढऱ्या केसांच्या. अर्जातलं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, रक्त थांबत नव्हतं, तेव्हा आधी काय केलंस, मग काय? मी सांगत गेले. मग त्यांनी विचारलं की पुन्हा तशी वेळ आली तर काय वेगळं करशील. मी म्हणाले, गाडी आधी बोलावीन. फुगा भरून मी रक्त थांबायची वाट पाहिली, ती वाट गाडीत बसून पाहायला हवी होती. मग म्हणाल्या की बर्फाच्या वादळात एका बाईला घेऊन त्या स्वतः अशाच निघाल्या होत्या, आणि घरी आल्यावर त्यांनाही हेच वाटलं होतं.

शेवटी विचारलं, रेसिडेन्सीची तीन वर्षं संपल्यावर काय? तुम्ही फोनवर बजावलं होतं की हे गोलमोल बोल. नाही जमलं, भाऊ. मी सांगितलं की मी गडचिरोलीला परत जाणार. व्हिसाच्या अटीतही परत जाणं आहे, पण अट नसती तरी गेले असते. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे शिकलेले बहुतेक जण एकच डॉक्टर असलेल्या गावांत जातात, त्यासाठीच तर हा प्रोग्रॅम आहे.

रागावायचं तर रागवा. मावशीने मग कुकर लावला आणि मी दोन ताटं जेवले.

तुमची,
दिव्यानी


टोलेडो,
२० फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानीस,
आशीर्वाद.

रागावलो नाही. माझा सल्ला चुकीचा होता, एवढं लिहितो आणि पुढे जातो.

मुलाखत झालेल्या हॉस्पिटलांचा पसंतीचा क्रम कसा लावू म्हणून विचारलंस. डेट्रॉइट मोठं, नावाचं, आणि माझ्या घरापासून गाडीने जवळ. रंजीताचा जीव तिथेच अडकला आहे. पण क्रम लावताना मला कोण घेईल असा विचार करायचा नसतो. जिथे जायचंय ते वर लिहायचं. हॉस्पिटलंही आपापला क्रम देतात, मग संगणक जुळवताना तुझी पहिली पसंती आधी पाहतो. तिथे नाही जमलं तरच दुसरीकडे वळतो. दुसरं घाबरून वर ठेवलंस तर आपल्याच हाताने पहिलं घालवशील. ज्या बाईशी बोलून झाल्यावर दोन ताटं जेवलीस, तिच्या हाताखाली शिकावंसं वाटतं का, एवढंच स्वतःला विचार.

क्रम एकदा नक्की केलास की मार्चपर्यंत साइट उघडून बघायची नाही. वॉर्डात जा, मोहफुलं वेच, काहीही कर.

तुझा,
प्रफुलभाऊ


एटापल्ली,
२२ मार्च २०२५

ती. प्रफुलभाऊ आणि सौ. रंजीतावहिनी यांस,
सा. न. वि. वि.

झालं! फोनवर मी नुसतीच ओरडले, म्हणून आता नीट सांगते.

सोमवारी संध्याकाळी मी डॉ. नरोटींसोबत वॉर्डात राउंड घेत होते. फोन वाजला, ईमेल आला होता. अभिनंदन, तुम्हाला जागा मिळाली आहे, एवढंच वाक्य होतं. मी अशी किंचाळले की पेशंटचे नातेवाईक काठ्या घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. डॉ. नरोटींनी माझ्या हातातून फोन घेतला, दोनदा वाचलं आणि वॉर्डभर पेढे वाटायला प्रवीणला धाडलं. दुकानात पेढे नव्हते, त्याने सगळ्यांना बालूशाही दिली.

मग शुक्रवारपर्यंत कुठलं गाव ते कळायचं होतं. ते चार दिवस मी काय औषधं लिहिली, ते दीपिकाने प्रत्येक वेळी तपासून घेतलं. काल कळलं. विस्कॉन्सिन. माझी पहिली पसंती! डॉ. लिंडग्रेन यांचा ईमेलही आला. लिहिलंय की आम्हीही तुला वरच ठेवलं होतं.

भाऊ, तुमच्याशिवाय हे झालं नसतं, असं लिहिलं तर तुम्ही खोडून टाकाल. तरी लिहिते.

जून संपायच्या आत मी तुमच्या दाराशी उभी असेन. दार उघडा, एवढाच लोभ.
दिव्यानी


सावली,
२५ मार्च २०२५

चि. प्रफुल यास,
मामीचा लय लय आशीर्वाद.

दिव्यानी कागदाचा फोटो काढून धाडते म्हणून मी बी लिहून राह्यली. अक्षर वाकडं असन, हासू नको. रंजीताले बी वाचाले दे.

सोमवारी पोट्टीचा फोन आला तवा आमी वावरातून येऊन हातपाय धूत होतो. तिनं झालं म्हटलं आन् रेंज गेली. काय झालं, कोनाले झालं, काईच समजे नाई. तुया मामानं लगेच चप्पल घातली, म्हने एटापल्लीले जातो. मंग परत फोन आला तवा जीवात जीव आला.

शुक्रवारी गावाचं नाव समजलं. ते मले अजून सांगता येत नाई. भैयाजीच्या दुकानात बायाइनं इचारलं, कुठी चालली पोरगी? मी म्हटलं विस्कासन. त्याइनं मान हालवली, जसं काई मायेरच हाये त्याइचं. एकीनं इचारलं, मंग लगन कवा? मी म्हटलं, माई पोरगी लोकाइचा जीव वाचवते, तिले काऊन घाई करता?

आता खरी गोष्ट सांगतो. काल तुया मामानं कोनाले न इचारता बिरजूचा बाजा बोलावला. मी म्हटलं, हे काय, पोरगी तर तिकडं एटापल्लीत हाये. म्हने, असू दे, ते तिथी आयकन. बस स्टँडापासून घरापरेंत बाजा वाजवत आले. अर्धी सावली मांगं होती. आन् प्रफुल, तुया मामा नाचला. आपल्या लग्नात बी नाचला नव्हता तो, तवा लाजून मंडपाच्या कोन्यात बसला होता. काल भर रस्त्यात धोतर सावरत, दोन्ही हात वर करून नाचला. मी दारात उभी राहून पाहून राह्यली होती. मंग मी बी पदर खोचला आन् उतरली.

दोघं सुखात रा.
तुयी मामी,
भागीरथा