तिसऱ्या हाकेआधी

माय, पुण्यात मी नेमकं काय करते हे तू शेवटपर्यंत विचारत राहिलीस आणि मी हसण्यावारी नेत राहिले. आज सांगते. केसाएवढ्या काचेच्या तारेतून मी उजेड पाठवते. एका रंगाच्या उजेडावर निरोप असतो. तो चार ठिकाणी द्यायचा तर पूर्वी उजेड मधेच अडवून त्याची वीज करायची, निरोप वाचायचा, परत उजेड करून पुढं धाडायचा. आम्ही अडवत नाही. त्याच तारेत दुसरा दांडगा उजेड सोडतो, आणि निरोप आपसूक आणखी रंगांवर उमटतो. मधे कुणी वाचत नाही. तू म्हणाली असतीस, 'ह्ये तर मी बी करते.' करायचीसच. दिवस मावळताना पाटोद्याच्या रानात बांधावर उभी राहून तू तीनदा नुसतं 'ये ऽऽ' म्हणायचीस, कुणाचं नाव न घेता. पण ओढ्यातल्या दादाला, शेळ्यांमागच्या मला आणि वस्तीवर गेलेल्या धाकटीला आपापलं नाव ऐकू यायचं.

एकदा मी पहिल्याच हाकेला ओ देऊन पळत घरी आले. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस. 'मी कुटं हाक मारली?' म्हणालीस आणि पिठाच्या हातानंच पाठीत धपाटा घातलास. 'कावून ओ दिली? पयल्या-दुसऱ्या हाकेला ओ द्यायची न्हाई. त्यांना तीनदा हाक मारता येत न्हाई. ओ दिली की नेतेत.' कोण नेतेत, ते सांगितलं नाहीस. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्यास. मिरच्या जळाल्या तरी कुणालाच ठसका लागला नाही, तेव्हा तुझं तोंड उतरलं. त्या दिवशी तू मला पदराला धरून बसलीस.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत पडद्यावर एकाच निरोपाचे तीन रंग उभे होते. बाहेर दिवस मावळत होता. मागून तू हाक मारलीस, माझं नाव घेऊन, दोनदा. मी ओठ मिटून बसले. तिसरी आलीच नाही. तेवढ्यात दादाचा फोन आला. तो टोळीबरोबर ऊसतोडीला गेलाय, फडातूनच बोलत होता. 'बाई, आत्ता मला मायनं हाक मारली बग. दोनदा. मी न्हाई ओ दिली.' मग मी गेवराईला धाकटीला फोन लावला. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, 'तुला बी आली व्हय?'

माझ्या कामात एक गोष्ट पक्की आहे, माय. मूळ उजेड बंद केला की बाकीच्या रंगांवरचा निरोप त्याच क्षणी जातो. मागे काही उरत नाही. मी हे रोज तपासते. म्हणून मला भीती वाटते. आम्हा तिघांना हाक आली, म्हणजे मूळ कुठंतरी चालू आहे.

दादा म्हणतो, गुमान राहा, कुणी ओ देऊ नका. धाकटी सांजच्याला लेकरांना आत घेऊन दार लावते. मी दोघांनाही हो म्हणाले. हा कागद टाकायला तुझा पत्ता कुणाकडं आहे? इथंच राहील तो. पण आज हाक परत आली. मी तिसरीची वाट पाहिली नाही, माय. तुझा आवाज ऐकून लई वर्षं झाली होती. मी ओ दिली.