नव्या सुनेची बादली

चिवी, ४ ऑगस्ट

चि. नेत्साई हिस दादाचे अ. उ. आ.

तुझ्या रिंदाईवहिनीला खुब्याच्या ऑपरेशननंतर तुझ्याकडे ठेवून मी परवा गावी पोचलो. तिची काळजी करू नकोस असं तू बसस्टँडवर म्हणालीस, म्हणून मी लगेच स्वतःची काळजी करायला मोकळा झालो. चूल पेटवताना भुवया जळाल्या. मक्याच्या पिठाचा साद्झा घोटला तो इतका घट्ट झाला की कोंबड्यांनीही आधी चोचीने वाजवून पाहिला.

आता मुद्द्याचं. धरणाखालच्या बायकांच्या मळ्यात रिंदाईचा वाफा आहे ना, लग्न होऊन आल्यावर आपल्या आईने तिला दिलेला, तो वाळत चालला आहे. मळ्याचा नियम तुला ठाऊक आहे. सप्टेंबर सरताना बायकांची कमिटी फिरते आणि जो वाफा कोरडा दिसेल तो दुसऱ्या घराला देते. डोक्यावर पाणी आणतानाच रिंदाई धरणाच्या चढावर पडली, आणि आता जन्मात ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तेव्हा वाफा राखणं माझ्या गळ्यात आलं. मी जन्मभर बुलावायोला रेल्वेच्या तिकिटखिडकीत बसलेला माणूस. माझ्या हातून आजवर एक कुंडी जगलेली नाही.

पण मी हुशारी केली आहे. एका संस्थेच्या माणसाकडून ठिबकची बादली आणली. बादलीला बारीक नळ्या, नळ्यांना भोकं, आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी. धरणापर्यंतच्या खेपाही कमी. बादली भरून वाफ्यात ठेवली आहे, अजून थेंब आलेला नाही. नळ्या नव्या आहेत, लाजत असतील. रिंदाईला यातलं काही सांगू नकोस. सगळं हिरवंगार आहे एवढंच कळव.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा,
सेफासदादा

बुलावायो, १२ ऑगस्ट

ती. दादास आपल्या रीतीप्रमाणे ओंजळीच्या टाळ्या वाजवून सा. न. वि. वि.

बसच्या कंडक्टरने तुझं पत्र आणून दिलं तेव्हा वहिनी समोरच बसली होती. खोटं बोलायला मी काही तुझ्याएवढी हुशार नाही, सगळं वाचून दाखवलं. बादली जमिनीवर ठेवली आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तसंच दिसतंय. त्यावर ती म्हणाली की आमच्या गावात पाणी वरून खाली येतं, रेल्वेत कसं असतं ते त्यांनाच विचारा. दादा, ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली. तेव्हा तुझा मूर्खपणा वाया गेला नाही.

पण हसून झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नर्स रोज येते, हाताला धरून चालायला उठवते. ही उठत नाही. वाफा गेल्यावर चालत जायचं तरी कुठे, असं म्हणते. फुंगाईनेही फोनवर आईला रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. माझी मुलगी माझं ऐकत नाही तर तुझी तिच्या आईला काय ऐकवणार! काठीपेक्षा तिला त्या वाफ्याचा आधार आहे, एवढं ध्यानात ठेव आणि बादली वर बांध.

धाकट्या बहिणीवर राग धरू नये, धरलाच तर पत्रातून कळवावा.

तुझी,
नेत्साई

चिवी, २६ ऑगस्ट

चि. नेत्साई हिस अ. उ. आ.

बादली छातीएवढ्या खांबावर बांधली. पाणी आलं! मी गुडघ्यावर बसून प्रत्येक रोपाशी थेंब पडताना पाहत होतो, आणि एवढा आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता. मग थेंब थांबले. नळीत बेडकाची पिल्लं अडकली होती. बादलीच्या तोंडाला फडकं बांधायचं असं बादलीबरोबर आलेल्या कागदावरच्या चित्रात होतं, मला वाटलं ते शोभेला आहे. निम्मी रोपं गेली, कोवोच्या पालेभाजीची नवी लावली. माती तापू नये म्हणून वर वाळकं गवत पसरलं आहे.

मळ्यात मी एकटा पुरुष. पहाटे पाणी भरायला जातो म्हणून बायकांनी मला नवी सून असं नाव ठेवलं आहे. चालताना कंबर सांभाळ, सासूबाईंना चहा दिलास का, असं चाललेलं असतं. कमिटीची मुख्य, गारिकाईची आई, तिने तर कहर केला. आपल्याकडे कुत्रं आपलं आणि त्याचं नाव शेजाऱ्याला टोमणा म्हणून, हे तुला काय सांगायचं! तिने नव्या कुत्रीचं नाव ठेवलं आहे मुचानेटा, म्हणजे थकशील रे बाबा. मी बादली उचलली की ती बरोबर कुत्रीला हाका मारते. कुत्री धावत येते, माझ्याकडे बघते, आणि मला खरंच थकल्यासारखं वाटतं. रिंदाईला हे सांग. हसली तर पुढच्या पत्रात आणखी लाज काढून पाठवीन.

थेंबाथेंबाने का होईना, लोभ चालू ठेव.

सेफासदादा

चिवी, १४ सप्टेंबर

चि. नेत्साई हिस अ. उ. आ.

आज पत्र आनंदाचं आहे. बायकांनी मला आपलं म्हटलं! सकाळी मळ्यात गेलो तर माझ्या वाफ्यावर कुणीतरी हिरवीगार, पानांची मोठी फांदी आडवी ठेवलेली. रोपांना उन्हाचा त्रास होतो हे बघून सावलीसाठी ठेवली असणार. माझे डोळे भरून आले. गारिकाईच्या आईकडे जाऊन टाळ्या वाजवून आभार मानले. ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढी कणखर बाई, पण आभाराने लाजली असणार.

दुपारपर्यंत फांदी सुकली, म्हणून तिच्यावर चहा उकळला. उरलेल्या काटक्या घरी आणल्या आहेत. रिंदाईला सांग की लोक वाईट नसतात, आपण त्यांना संधी द्यायला हवी.

तुझा सुखी दादा,
सेफास

बुलावायो, १९ सप्टेंबर

ती. दादास घाईघाईत सा. न. वि. वि.

अरे दादा! ती फांदी सावलीची नव्हती. मळ्यातल्या बायका ज्याचा वाफा जाणार त्याच्या वाफ्यावर फांदी टाकतात. तू आपल्या फाशीच्या दोराचे आभार मानलेस आणि वर त्याचा चहा केलास. वहिनी आधी खोकेपर्यंत हसली आणि मग इतकी रडली की शेजारीण विचारायला आली.

वहिनीने जे सांगायला सांगितलं ते नीट वाच. फांदी पडली की निकाल लागेपर्यंत घरच्या माणसाने त्या वाफ्याच्या मातीला हात लावायचा नाही, गवतही हलवायचं नाही. हात लावलास तर लगेच वाफा जाईल. पण बादली खांबावर आहे, वाफ्यात नाही. ती भरायला कुणी मना केलेलं नाही. म्हणून भरत राहायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरं तुला जमणार नाही असं तिचं मत आहे, माझंही.

ती अजून उठत नाही. काठी कोपऱ्यात जशीच्या तशी आहे. मला तिची भीती वाटते, दादा.

तुझी,
नेत्साई

चिवी, १ ऑक्टोबर

चि. नेत्साई हिस अ. उ. आ.

काल कमिटी फिरली. बसून वाच, आणि रिंदाईला शेजारी बसव.

आधी माझी तयारी सांगतो. मी पांढरा शर्ट घातला, रेल्वेचा टाय बांधला. भर दुपारी सगळ्या बायका वाफ्याभोवती उभ्या राहिल्या. नेमकी त्याच वेळी रोपं उन्हाने माना टाकून बसलेली, वर वाळकं गवत, ओल कुठे दिसेना. आजूबाजूच्या वाफ्यांत बायका घडे ओतून गेलेल्या, माती काळीशार. माझा वाफा त्यांच्यामध्ये अंत्ययात्रेला आल्यासारखा दिसत होता. एक बाई म्हणाली की नवी सून नटून आली, पण पाणी घालायला विसरली.

मी भाषण केलं. पाणी वर दिसत नाही, ते खाली मुळाशी आहे, असं समजावलं. गारिकाईच्या आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की खाली पाणी आहे आणि नवरा शहरात आहे, ही दोन्ही वाक्यं या मळ्यातल्या बायकांनी जन्मभर ऐकली आहेत, डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. सगळ्याजणी हसल्या. मीही हसलो. पण खरं सांगतो, ते मला लागलं. रिंदाईने या वाफ्यावर फुंगाईला वाढवलं आणि मी खिडकीत बसून दुसऱ्यांना घरी जायची तिकिटं देत होतो.

गवत बाजूला करून ओल दाखवावी म्हणून मी वाकलो. तेवढ्यात तुझा निरोप आठवला आणि तसाच वाकलेला राहिलो. हात पुढे नेता येईना, पाठही सरळ होईना. गारिकाईच्या आईने निकालाची दुसरी फांदी आणायला एकीला धाडलं. आता सगळं संपलं, रिंदाईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात मुचानेटा आली. उन्हाने जीभ लोंबत होती. एकेका वाफ्यावर नाक लावत आली, आणि माझ्या वाफ्यावर थांबली. मालकिणीने नावाने हाका मारल्या, पण तिने ढिम्म लक्ष दिलं नाही. पुढच्या पायांनी गवत फेकलं, माती उकरली, आणि खालच्या गार काळ्या चिखलात पोट टेकून असा उसासा सोडला की सगळ्या मळ्याला ऐकू गेला. दुसऱ्या कुठल्याच वाफ्यात ती बसली नव्हती, कारण तिथली ओल वरच्यावरच होती, उन्हाने तापलेली.

गारिकाईच्या आईने खाली बसून तो चिखल बोटांत घेतला, चोळला, वास घेतला. मग म्हणाली की कुत्री तिची असली तरी खोटं बोलणारी नाही, आणि आणलेली फांदी स्वतःच कुंपणापलीकडे फेकली. नेत्साई, वाफा राहिला. कुत्रीने चार चांगली रोपं चिरडली, पण मी तिला उठवलं नाही. टाय काढला आणि तिथेच बसून रडलो. नवी सून माहेरची आठवण काढते आहे, असं कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळी गारिकाईची आई घरी आली. तिला बादली हवी आहे. बदल्यात मुचानेटाला पिल्लं झाली की एक मला देणार म्हणाली. नाव काय ठेवू ते रिंदाईला विचार. चांगलं झोंबणारं हवं.

लोभाला आता धोका नसावा.

तुझा,
सेफासदादा

बुलावायो, २० ऑक्टोबर

ती. दादास भरभरून सा. न. वि. वि.

तुझं पत्र वहिनीने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. कुत्रीचा उसासा वहिनीने मला करून दाखवायला लावला, आणि मला तो जमेना तेव्हा स्वतः करून दाखवला. मग कोपऱ्यातली काठी मागितली. आता ती रोज फाटकापर्यंत जाते आणि परत येताना नर्सला रागावते. पहिल्या पावसाआधी घरी येणार, असं तिने डॉक्टरांनाच सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

पिल्लाचं नाव तिने ठरवलं आहे. तिने सांगितलं ते शब्द तसेच लिहिते. गारिकाईच्या आईला झोंबेल असं नाव ठेवायचं नाही, तिने वाफा सोडला. पिल्लाचं नाव ठेवा द्झोकाई, म्हणजे परत या. ही हाक मी तुम्हाला इतकी वर्षं मनातल्या मनात मारली. आता तुम्ही मारा, रोज संध्याकाळी, मळ्याच्या काठावर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

मी यात काही भर घालत नाही. डोळे पुसते आणि पत्र बसला देते.

तुझी,
नेत्साई

चिवी, ८ नोव्हेंबर

प्रिय रिंदाई हिस,

अ. उ. आ. लिहिणार होतो, पण आशीर्वाद द्यायची माझी लायकी राहिलेली नाही, म्हणून नुसताच नमस्कार. आजवर तुला पत्र लिहिलं ते नेहमी कुणाच्या तरी हाती, कुणाच्या तरी नावाने. हे तुलाच आहे. नेत्साईला वाचू देऊ नकोस. ती वाचेलच.

मुचानेटाने पिल्लं घातली. आपलं तपकिरी आहे, कान एक उभा आणि एक पडका. गारिकाईच्या आईची बादली मी बांधून दिली. खांब वाकडा झाला, तिने मला सरळ करायला लावला आणि वर चहा पाजला.

काल संध्याकाळी मळ्याच्या काठावर उभा राहून हाक मारली. पहिली माझी मलाच ऐकू आली. दुसरी धरणापर्यंत गेली असावी, कारण पलीकडून गारिकाईच्या आईने ओरडून विचारलं की कुत्र्याला बोलावतो आहेस की बायकोला. मी खरं ते सांगितलं. यावेळी कुणी हसलं नाही, म्हणून मला जरा भीतीच वाटली.

बादली भरून ठेवली आहे. कोवोची पानं हाताएवढी झाली आहेत, तू आल्यावरच तोडणार. रोज हाक मारतो.

पिल्लू अजून हाकेला येत नाही. तू ये.

सेफास