दोरीचं डावं टोक

१८ एप्रिल

ती. बाबा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला गेला. पहाटे थोडा येतो अजून, म्हणजे गेला असं लिहिणं बरोबर नाही.

तुमचं पत्र मिळालं. बदलीच्या गावी घरमालकांच्या मुलीला लाटांचं सूत्र शिकवताय, तिची परीक्षा होईपर्यंत सुट्टीत येणं जमणार नाही, हे समजलं. तिने विचारलेला प्रश्नही वाचला: कंसात जागेतून वेग गुणिले वेळ वजा केलेलं असताना लाट मागे न जाता पुढे कशी जाते? 'पोरगी हुशार आहे,' असं तुम्ही लिहिलंय. पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ते वाक्य तेवढं गाळून.

मला हा प्रश्न कधी पडलाच नाही. का नाही पडला, त्याचाच विचार करत होते. लहानपणी तुम्ही मला घरीच शिकवायचात. दोरीचं डावं टोक नेहमी तुमच्या हातात, उजवं माझ्या. झटका तुम्ही द्यायचात, लाट माझ्याकडे यायची. बाबांकडून निघते म्हणून ती उजवीकडे जाते, अशीच माझी समजूत. पुढे सूत्र शिकले तरी चिन्हाकडे बघायची गरज वाटली नाही. त्या मुलीला मात्र, तुम्ही लिहिलंय तशी, दोरी खिडकीच्या गजाला बांधून दिलीत. म्हणजे झटका तिनेच दिला असणार.

काल आईला उजवं टोक धरायला लावलं आणि पहिल्यांदाच तुमच्या जागी मी उभी राहिले. लाटेच्या शिखराबरोबर चालायचं तर कंसातली किंमत बदलता कामा नये. वेळ वाढला की वजा होणारा भाग वाढतो; तो भरून काढायला जागाही वाढायला हवी. म्हणजे पुढेच जायला हवं. हे मी आईला पुन्हा पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "कळलं. आता या दोरीवर कपडे वाळत घालू का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पत्र मीही वाचलंय. रुसायचं तर त्यांच्यावर रूस, माझे हात कशाला दुखवतेस?"

मी रुसलेले नाही, असं लिहून खोडलं.

तिची परीक्षा नीट होऊ दे, मग सावकाश या, असं लिहायचं ठरवून बसले होते. तसं लिहवत नाही. उरलेलं तिचं तिला सोडवता येईल, हुशार आहे ना. तुम्ही सुट्टीत घरी या.

पत्राखाली नेहमी 'तुमची विद्यार्थिनी' लिहिते. या वेळी नुसतंच,

तुमची मुलगी