पात्यावरची वाफ

२२ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी सिंगापूरला पोचलो. विमानतळापासून टॅम्पिनीसचा फ्लॅट जवळच आहे. नववा मजला, दोन खोल्या, भरपूर वारा. अवनीने खिडकीतून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, जाताना पाहिली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच स्वतःची बॅग स्वतः रिकामी केली. समोरच्या दारातल्या संजीवनीताई नाशिकच्या. पोह्यांचा डबा घेऊन आल्या. मी ऑफिसात असताना अवनीला सांभाळायचं त्यांनी आपणहून कबूल केलं. मी तीन वाक्यं बोललो असेन. पुण्याचा माणूस आणि इतका गप्प? तुझ्या बाबांचा पासपोर्ट खरा आहे ना गं, असं त्या अवनीला म्हणाल्या. अवनी मोठ्याने हसली. फेब्रुवारीत तिची आई, जान्हवी गेल्यापासून तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. इथे आलो ते बरं झालं.

२४ सप्टेंबर

नोकरीचा पहिला दिवस. मी धातुशास्त्राचा इंजिनिअर, सतरा वर्षं पोलादाच्या चाचण्या केल्या. इथे मिस्टर ओंग जुनी शस्त्रं घेऊ पाहणाऱ्यांना ती पारखून देतात. माझं पहिलं काम एक जपानी तलवार. हाताने घडवलेली, चारेकशे वर्षांपूर्वीची असावी. ९ ऑक्टोबरला गिऱ्हाईक ती न्यायला येणार, त्याआधी माझा अहवाल हवा.

ओंगनी पद्धत शिकवली. धार वर ठेवून म्यानातून सावकाश काढायची. पात्याला बोट लावायचं नाही. पात्यासमोर बोलायचं नाही, कारण श्वासाच्या वाफेनेही गंज धरतो. म्हणून ओठांत कागदाची घडी धरायची. काढल्याची आणि परत ठेवल्याची वेळ वहीत लिहायची.

शेवटी त्यांनी विचारलं, घरात वर्षभरात कोणी गेलंय का. गेलं असेल तर ही राहू द्या, तुम्हाला दुसरं काम देतो. मी कोणी नाही म्हणालो. जान्हवीबद्दल परक्या माणसाशी बोलायचं नव्हतं, एवढंच कारण.

२७ सप्टेंबर

कामाच्या खोलीत एकच दिवा आहे. त्याखाली पातं तिरपं केलं की धारेलगत पांढुरकी नागमोडी रेघ दिसते. पोलादाला पाणी देताना धार कठीण होते, पाठ लवचिक राहते. ही रेघ म्हणजे त्या दोन्हींची सीमा. आजवर मी पोलाद कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. इथे ते न कापताच दिसतं.

बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ उतरवली. आतल्या भागावरचा गंज काळा आणि सारखा आहे, म्हणजे खरंच जुनी. कारागिराचं नाव कोरलेलं. मग तासभर भिंगातून धार तपासली. केसाएवढी चीर असती तरी तलवार बाद. चीर नाही. शेवटी लवंगेच्या तेलाचा पातळ हात दिला. तो वास माझ्या हाताला राहतो. अवनी म्हणते, बाबा दातांच्या डॉक्टरकडून आल्यासारखा वाटतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

यंदा आमच्याकडे सण नाहीत, वर्ष व्हायचंय. पण सकाळी अवनीने विचारलं, आज हत्यारांची पूजा ना? आई तुझ्या मायक्रोमीटरला कुंकू लावायची. आणि तिने कागदाच्या पुडीत हळदकुंकू बांधून दिलं. निघताना म्हणाली, बाबा, तलवारीला एनीहाऊ टच नको करू, लाह! ‘एनीहाऊ’ म्हणजे कसंही; तो आणि हा ‘लाह’ तिने आठ दिवसांत खालच्या मुलांकडून उचलला.

मायक्रोमीटरला कुंकू लावलं. समोर तलवार होती. आजच्या दिवशी ती तशीच ठेवणं बरं वाटेना. मुठीजवळ पात्याला चिमूटभर कोरडं कुंकू टेकवलं, नमस्कार केला, लगेच मऊ कागदाने पुसलं. भिंगातून पाहिलं. डाग नाही.

मात्र पात्यातल्या प्रतिबिंबात कपाळावर कुंकू होतं. आणि ते कपाळ माझं नव्हतं.

३ ऑक्टोबर

पातं जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. एका वेळी एकच पट्टी दिसते. कपाळ. थोडं फिरवलं की डोळे. मग ओठ.

जान्हवीच आहे.

शेवटचे अकरा दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. तिला काही बोलता आलं नाही. आता ओठ हलतात. मला काहीतरी सांगतेय. पण पात्यावर वाफ धरते आणि ओठ झाकले जातात. माझ्या तोंडात कागद होता, वाफ माझी नाही. पुसली. परत आली. असं दीड तास चाललं.

घरी आलो तर संजीवनीताई दारातच. दुपारी अवनीला धाप लागली होती. हवा धुरकट आहे, या दिवसांत इथे होतं असं, घाबरू नका म्हणाल्या. डॉक्टरांनी पंप दिलाय.

६ ऑक्टोबर

वाफ येते, विरते, येते. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला तीस. मोठ्या माणसाचा श्वास नव्हे.

अवनीला पुन्हा धाप. डॉक्टरांना दाखवायला म्हणून संजीवनीताई वेळा लिहून ठेवतात. दोन दहा ते तीन पन्नास. माझ्या वहीत, तलवार म्यानाबाहेर: दोन दहा ते तीन पन्नास. शुक्रवारच्याही वेळा जुळतात.

७ ऑक्टोबर

आज काढली नाही. अवनी दिवसभर खेळली, जिन्याने नऊ मजले चढून आली. म्हणजे खरंच तसं आहे. पात्यावरचा श्वास अवनीचा.

ओंगना खरं सांगून काम सोडायला हवं. उद्या सांगतो.

८ ऑक्टोबर, सकाळ

सांगितलं नाही. उद्या गिऱ्हाईक तलवार घेऊन जाईल. मग जान्हवी पुन्हा कधी –

ती काय म्हणते तेवढं कळू दे. पाच मिनिटं. अवनी कालपासून ठणठणीत आहे. पाच मिनिटांत काही होत नाही.

दुपार

काढली. पात्याशेजारीच लिहितोय. वाफ फार. पुसतो, लगेच येते. पहिल्या अक्षराला ओठ मिटतात.

पंधरा मिनिटं झाली. अजून थोडं –

वाफ कमी होतेय. ओठ स्पष्ट दिसतात. बरं झालं –

बंद कर. बंद कर म्हणतेय. पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती. आणि मी तेच वाचायला रोज उघडी ठेवून –

वाफ थांबली. जान्हवीही नाही. पातं कोरडं.

ओंग दार वाजवताहेत. तुमच्या शेजारणीचा फोन, तिसऱ्यांदा, दार उघडा म्हणतात. उघडलं की ते सांगतील.

म्यान हातात आहे. तलवार आत घालायला हवी. पण घातली तर कळणार नाही अवनी श्वास घेते की –

अजून कोरडंच.

अवनी, बाळा, एकदा घे, इथे, एवढासा –