वाटेकऱ्याचं घर

२२ नोव्हें.
बैठक परत पुढे ढकलली. महसूलचे साहेब मोकळे असतात तेव्हा वनखातं नसतं, वनखातं येतं तेव्हा एमआयडीसीवाले पुण्याला. सामाजिक वनीकरणवाले तर फोनच उचलत नाहीत. चार खाती म्हणजे चार सख्ख्या जावा, एका चुलीपाशी आणायच्या कशा? सरपंच झाल्यापासून निम्मा जन्म ‘साहेब कधी येणार’ विचारण्यात चाललाय.

भांडण एवढंच. गोदामांचा रस्ता आपल्या माळावरून जायचाय आणि माळावर लांडगे आहेत. वनखात्याच्या मॅडम म्हणतात, लांडगा वाघाइतकाच जपायचा असा कायदा आहे, पिल्लांचं बीळ कुठे ते कळल्याशिवाय रस्त्याला मंजुरी नाही. बरोबरच आहे त्यांचं. पण गोदामं आली तर गावातल्या माणसांना कारेगावात खोल्या घेऊन राहावं लागणार नाही, हेही बरोबर. आमचे हे तिथेच, कंपनीत, शिफ्टला. रविवारी येतात, जेवतात, झोपतात, जातात. संसार की लॉजिंग, कळत नाही.

३० नोव्हें.
मॅडम घरी आल्या होत्या, आबांना भेटायला. गावात मेंढरं राखणारे आता आबाच. बाकी सगळे उसात आणि कंपनीत गेले. मेंढरं विका म्हणून सगळे सांगून दमले, पण सासऱ्यापुढे सुनेचं काय चालतंय.

आबा ‘लांडगा’ म्हणत नाहीत. ‘वाटेकरी’ म्हणतात. कळपातला त्याचा वाटा तो नेणारच, म्हणून. कोकरू गेलं की दिवसभर शिव्या देतात, संध्याकाळी म्हणतात, जाऊ द्या, वाटा गेला. मॅडमना ते फार आवडलं, लिहून घेतलं. मग विचारलं, आबा, बीळ दाखवाल का?

आबा उठले, काठी घेतली, निघाले. जुन्या खाणीजवळची कपार दाखवली. मॅडमनी फोटो काढले, फोनवर जागा नोंदवली. आल्यावर आबांनी चहाला नको म्हटलं.

नवल वाटलं जरा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, माळावर वाटेकऱ्याचं घर दिसलं तर कुणाला सांगायचं नाही. एकाला सांगितलं की दुसरा जाऊन बिळात धूर कोंडतो, पिल्लं मारतो. आणि आबा इतक्या सहज उठले. विचारायला हवं होतं. पण मला बैठकीची लगीनघाई.

९ डिसें.
झाली एकदाची बैठक! ग्रा.पं.च्या हॉलमध्ये चारी खाती एका टेबलाशी. प्रांतसाहेब म्हणाले, बाई, आमच्या ऑफिसात जे जमत नाही ते तुम्ही पोह्यांवर जमवलंत.

ठरलं ते असं. रस्ता खाणीपासून लांब, ओढ्याच्या कडेने वळवायचा. खाणीभोवती वनखातं दगडांची हद्द घालणार, आत कुणी जायचं नाही. रस्त्यात जुने लिंब जातात, त्याबदल्यात झाडं लावायची. कुठे, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीच म्हणाले, माळाचा वरचा उतार ओसाडच पडलाय, तिथे लावा. सावली होईल, पाणी मुरेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. खाण तिथून लांब, त्यामुळे मॅडमचीही हरकत नाही.

लांडगाही राहिला, रस्ताही आला, झाडंही मिळाली. ह्यांना फोन केला तर म्हणाले, तू आता आमदारच हो. हसले खूप दिवसांनी.

आबा मागे खुर्चीवर बसले होते. मध्येच उठून गेले. मी म्हटलं, तंबाखूला गेले असतील.

१४ जाने.
संक्रांत. हळदीकुंकू ग्रा.पं.तच उरकलं. बायका विचारतात, गोदामात आम्हालाही काम मिळेल ना? म्हटलं, मिळेल. मलाच माहीत नाही, पण तोंडातून निघून गेलं.

आबा सध्या कळप वरच्या उताराला नेत नाहीत. लांबून, ओढ्याने फिरवतात. पाय दुखतात म्हणाले.

१७ फेब्रु.
लिहवत नाही. पण लिहिते.

दुपारी रानात खुरपायला गेलेल्या बायकांचा फोन, वरच्या उताराला जेसीबी लागलाय. मला वाटलं, बरं झालं, लवकर लागला. कौतुकाने बघायला गेले. सगळा उतार झाडांसाठीच्या चरांनी आडवा फाडलेला. गवत कुठे दिसेना, नुसता मुरूम. आणि एका चराच्या काठावर आबा बसलेले, काठी आडवी टाकून.

म्हणाले, “हितं व्हतं.”

पहिल्यांदा डोक्यात शिरलंच नाही. खाण तर तिकडे. मग शिरलं. खाणीतली कपार जुनी, कैक वर्षं रिकामी. आबांनी मॅडमना ती दाखवली, खरं घर झाकायला. आणि मी सरकारला नेमका खऱ्या घराचा उतार दिला.

जेसीबीवाला परराज्यातला. म्हणाला, “मैडम, कुत्ते के बच्चे थे, मिट्टी में से निकाल के साइड में रख दिए.” कुठे, तर त्या तिकडे बाभळीखाली. तिथे काही नव्हतं. आईने नेली म्हणावं तर गावची कुत्रीही तिथेच हिंडत होती. जेसीबीवाला बिचारा घाबरला, आपलं काही चुकलं का म्हणून. त्याचं काय चुकणार. त्याला नकाशा दिला होता आणि तो नकाशाबाहेर एक फूटही गेला नव्हता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हसू पण येत नाही.

१९ फेब्रु.
मॅडम आल्या. खाणीभोवतीची त्यांची दगडांची हद्द अजून नवी कोरी, चुन्याने रंगवलेली. तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. आबांना एवढंच म्हणाल्या, “आबा, मला खरं सांगितलं असतं तर मी तिथे एक खड्डा होऊ दिला नसता.”

 आबा म्हणाले, “तुमी चांगल्या हायसा, न्हाई कोन म्हनतंय. पर तुमची बदली हुनार. तुमच्या मागनं कोन येनार, त्यो ती जागा कुनाला सांगनार, ह्ये मला कसं कळावं?”

मॅडम गाडीकडे निघाल्या.

२० फेब्रु.
दिवसभर आबांचा राग आला. तोंडाला कुलूप लावून बसले. एक शब्द बोलले असते तर! मग संध्याकाळी माझाच आला. ते बैठकीतून उठून गेले तेव्हा मी पोह्यांचं कौतुक ऐकत होते. नंतर कळप लांबून न्यायला लागले तेव्हाही मला पायदुखीच खरी वाटली. एकाच घरात राहतो आम्ही, एकाच तव्यावरची भाकरी खातो.

त्यांना वाटलं, न बोलून वाचेल. मला वाटलं, सगळ्यांना बोलावून वाचेल.

३ जुलै
झाडं लावली. प्रांतसाहेबांच्या हस्ते पहिलं रोप, मग माझ्या. फलक लागला. फोटोत मी हसतेय. माळावर चराईबंदी, त्यामुळे आबांना कळप अर्धा विकावा लागला. सौदा होताना गोठ्यात थांबले नाहीत.

२८ ऑग.
मॅडमची बदली. निरोपाला आल्या, आबांच्या पाया पडल्या. ‘तुम्ही म्हणाला होता’, असं काही कुणीच म्हटलं नाही. जाताना गाडीत बसून रडल्या असाव्यात, काच लगेच वर केली.

११ ऑक्टो.
रस्ता झाला, पहिलं गोदाम सुरू. हे आजपासून तिथे कामाला. कारेगावची खोली सोडली, गादी आणि स्टोव्ह घेऊन आले. संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसलो. किती बरं वाटलं ते लिहायलाही लाज वाटते. हेच हवं होतं ना मला? हेच हवं होतं. हे म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. रोज म्हणा, म्हटलं.

बायकांना काम मिळालेलं नाही. विचारतात. मी रस्ता बदलून जाते.

६ डिसें.
एक कोकरू गेलं. आबा सकाळपासून शिव्या देतायत, आणि चेहरा असा की घरात पाळणा हलल्यासारखा. वर्षभरात असा पाहिला नव्हता. ह्यांनी विचारलं, काय झालं? आबा म्हणाले, काय न्हाई, वाटा गेला.

२ जाने.
नवे वनाधिकारी आले. तरुण, घाईतले. दुसऱ्या टप्प्याची गोदामं खालच्या माळावर येणार, मोजणी याच महिन्यात. बैठक माझ्याच हॉलमध्ये. साहेब म्हणाले, बाई, मागच्या वेळी बीळ चुकलं म्हणे. या वेळी नक्की जागा सांगा, आपण ती वगळू. लेखी देतो. भला माणूस वाटला. मॅडमही भल्याच होत्या.

८ जाने.
सकाळी दूध घालून आल्यावर आबा म्हणाले, चल. कुठे, ते सांगितलं नाही. खालच्या माळावर ओढ्याच्या वळणाशी नेलं, घाणेरीच्या जाळीपाशी थांबवलं. तिथे ताजी उकरलेली माती, बारकी पावलं. आत काहीतरी कुईं करत होतं. मी तोंडावर पदर धरला. आबा लगेच मागे फिरले.

मोजणीचे खांब तिथून दिसतात.

येताना विचारलं, आबा, मला का दाखवलंत? सासूबाईंनासुद्धा कधी दाखवलं नव्हतंत.

म्हणाले, “माज्या गप बसन्यानं एकदा गेलं. तुज्या बोलन्यानं बी गेलं. आता तुला ठाव हाय, तूच बग.”

मग वाटेत पिकांचं बोलत राहिले.

९ जाने.
बैठक उद्या अकराला. पोहे सांगितलेत. साहेबांचा फोन आला होता, जागा कळली का? म्हटलं, भाकरी तव्यावर आहे, मागून करते. परत दोनदा येऊन गेला. आबा ओट्यावर बसून ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.