सातव्या सेलच्या फेऱ्या

११ फेब्रुवारी
आणि वर बायको म्हणते, बहाणे मीच करतो! प्रयोगशाळेतला हा विजेचा सेल बंद पडला की घरी येतो, हे तीन महिन्यांपूर्वी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, पंधरा-वीस दिवसांचं काम. आधीचे सहा तेवढेही टिकले नव्हते. हा सातवा चिवट निघाला, त्यात माझा काय दोष? रागावली की मला 'तुम्ही' म्हणते. आज सगळा वेळ 'तुम्ही'च. शेवटी फोन आईच्या हातात दिला. आईने विचारलं, जेवलास का. संपलं.

१२ फेब्रुवारी
४१वी फेरी. एक दिवस रिकामा होतो, एक दिवस भरतो, की झाली एक फेरी. मरत नाही.

१४ फेब्रुवारी
प्रयोगशाळेच्या बाईंकडे तिसऱ्यांदा सुटी मागितली. नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्याएवढं त्याला कोण सांभाळणार? गोड बोलून गळा कापतात तो असा.

मी इथे आलो फरशी पुसायला. हात थरथरत नाही बघून बाईंनी सेल जोडायला बसवलं. मी सातवी नापास, आणि काचेच्या पेटीत जाड हातमोजे घालून चिमट्याने लिथियमची चकती उचलतो! तिच्यावर काचधाग्यांचा कागद, द्रावणाचे दोन थेंब, वर काळा पापुद्रा. पापुद्रा प्लास्टिकच्या जातीचा, पण त्यातून वीज वाहते. सेल चालताना बाहेरचा प्राणवायू ओढतो, भरताना परत सोडतो. पूर्वी पापुद्र्याच्या जागी कोळसा लावायचे, तो झिजायचा. हा झिजत नाही, एवढंच बाईंना दाखवायचंय. साठ फेऱ्या झाल्या की झालं.

म्हणजे तो जितका पक्का, तितका मी इथे.

१९ फेब्रुवारी
आज ती 'तू' म्हणाली. चुकून. 'तू गेल्यापासून खालचीच कडी लावते, वरची हाताला पुरत नाही.' दिवसभर ती वरची कडी डोळ्यांपुढे. हात आपोआप वर जातो.

२२ फेब्रुवारी
फेरी ४६. आकडे छानच. जेवढी वीज दिली तेवढी परत भरली. वहीत हेच दोन रकाने — दिली, भरली. पण भरताना जोर जास्त लागतोय. सुरुवातीला साडेतीन व्होल्टला भरायचा, आता सव्वाचार. हे लिहायला रकानाच नाही! माणूस रोज तेवढेच जिने चढतो, पण धापा टाकतोय हे कोण लिहिणार?

२३ फेब्रुवारी
सांगितलं तर म्हणतील, बायकोसाठी सेल मारायला निघाला. नाही सांगितलं तर साठ फेऱ्या होतील, बाईंचा शोधनिबंध छापून येईल, आणि सगळं खोट्यावर उभं. इकडे आड, तिकडे विहीर. सिलिंडर आणणाऱ्या काकांना विचारलं. 'तुला कुणी विचारलंय का? मग गप बस की.'

गप बसलो. जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी
सांगून टाकलं. आधीच म्हणालो, 'सुटीसाठी नाही सांगत.' बाई हसल्या. मग पडद्यावरची रेघ बघितली आणि हसणं थांबलं. कधीपासून, विचारलं. विसाव्या फेरीपासून असेल, म्हणालो. 'आणि मी फक्त दोन रकाने बघत बसले.' रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२७ फेब्रुवारी
सेलमधून निघणारा वायू दुसऱ्या यंत्रातून मोजला. ओढलेला प्राणवायू निम्माच परत येतोय. उरलेल्या विजेत पापुद्राच जळतोय. म्हणून वहीतले आकडे पुरे! बाई म्हणाल्या, 'अंगचं मांस तोडून पुरा पडत होता रे.'

सेल उघडला. पापुद्रा तपकिरी झालेला, चिमट्यात धरला तर भुगा. सातवा ४८व्या फेरीवर संपला. इतके दिवस त्याच्या मरणाची वाट बघितली, आणि चिमटा खाली ठेववेना.

तिला फोन केला. म्हटलं, बंद पडला. मग — 'येतोस ना?'

१ मार्च
बाई नवा पापुद्रा करणार. वर्षाचं काम. म्हणाल्या, जोडायला तूच हवास, आणि वहीत तिसरा रकाना घालू. त्याला नाव काय द्यायचं? मी म्हटलं, दम. बाईंनी तसंच लिहिलं — दम! माझा शब्द, त्यांच्या अक्षरात.

हो म्हणालो. लगेच. तिला न विचारता.

२ मार्च
'तुम्ही रहा तिकडेच.' फोन बंद.

३ मार्च
उचलत नाही.

४ मार्च
उचलत नाही. भूक नाही, झोप नाही. नवी चकती वाकडी बसली. पहिल्यांदाच हात हलला.

५ मार्च
आज आईनेच फोन केला. 'तू येऊ नकोस. हिला तिकडे ने. मी थोरल्या लेकीकडे राहीन, तिचं घर काय परकं आहे?' मागून आवाज आला, 'मला विचारलं का कुणी?' पण हसत होती. ऐकलं मी.

६ मार्च
तिच्या तिकिटाला आणि वाटखर्चाला पाठवले — साठवलेले सगळे, सव्वीस हजार चारशे रुपये.