चाळणीखालचं प्रथिन

प्रिय बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितेय. घरात आलेला कुठलाही कागद तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, अगदी गादीच्या दुकानाची जाहिरातसुद्धा, त्याच भरवशावर बसलेय. फक्त वाचता वाचता लाल पेन हातात घेऊ नका. माझ्या ऱ्हस्वदीर्घांचा समाचार नंतर घ्या, आधी पत्र पुरं करा.

परवा जेवताना मी एवढंच म्हटलं की तुमची चाळणी बंद करून हृदयाच्या नमुन्यांची माहिती पुन्हा पाहिली, आणि तिच्याखाली काहीतरी सापडलं. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. धाकटा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी तुमच्या पाठीत सुरा खुपसला होता. त्याच्या बायकोने ताटं उचलली. घरी येताना मला आधी तुमचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग एकदम लक्षात आलं की तुम्ही रागावून उठला नव्हतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी काम. साध्या भाषेत लिहितेय, तुम्हाला शिकवायला नव्हे. तसं का, ते शेवटी कळेल. जनुकाच्या लांबलचक मजकुरात मधला एक भाग प्रथिनाची कृती सांगतो, आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा मजकूर नुसता येण्याजाण्याचा रस्ता, असं तुमच्या पिढीने मानलं. मजकूर वाचून एकेक मणी ओवत प्रथिन तयार करणारं पेशीतलं यंत्र त्या रस्त्यावरही कधीमधी मणी ओवताना दिसे. पण ते तुकडे एवढेसे असत की कुणी त्यांना प्रथिन म्हणत नसे. शिवाय असे खोटे तुकडे हजारोंनी निघत. म्हणून तुम्ही प्रोग्राम लिहिलात आणि त्यात नियम घातलात, शंभर मण्यांच्या खालचं सगळं गाळून टाका. तेव्हा ते बरोबरच होतं. त्या गाळणीमुळेच लोकांना काम करता आलं, नाहीतर सगळे अजून भुसा पाखडत बसले असते. आमच्या संस्थेत आजही कुणी ‘प्रोग्राम’ म्हणत नाही, ‘सरांची चाळणी’ म्हणतात. नव्या मुलांना वाटतं, हे सर कुणीतरी फार पूर्वी होऊन गेले. मी सांगते की ते माझे बाबा आहेत आणि दर रविवारी माझ्या चहाला नावं ठेवतात.

त्या नियमाने आपल्या घरातही बस्तान बसवलं होतं. कुणी कुरकुर केली की तुम्ही म्हणायचात, हे शंभराच्या खालचं आहे. माझं खरचटलेलं कोपर शंभराच्या खालचं, धाकट्याचं पोटदुखीचं नाटक शंभराच्या खालचं. आम्ही हसायचो आणि खेळायला पळायचो. आईसुद्धा तेच म्हणायला लागली. चष्म्याच्या दुकानातून संध्याकाळी परतताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची आणि पर्समध्ये किल्ली शोधायची. आपलं घर चौथ्या मजल्यावर, किल्ली दुसऱ्यावर कशाला लागते, असं तिला कुणी विचारलं नाही. मी एकदा विचारलं होतं, दम लागतो का गं? ती म्हणाली, शंभराच्या खालचं आहे, चल. ती चेष्टाच करत होती बाबा, आणि मीही हसले होते.

ती गेल्यावर तुम्ही काय केलंत ते मला माहीत आहे. हृदय थकत गेलं, कारण सापडलं नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं, आणि तुमच्यासारख्या माणसाला ते वाक्य पचणं शक्यच नव्हतं. तुम्ही तिचा ठेवलेला नमुना मागवलात, सगळी जनुकं वाचून घेतलीत, स्वतः बसून तपासलीत. निकाल कोरा आला. मग तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंत, घराण्यात काही नाही, तुम्ही निर्धास्त राहा. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा दुःखापेक्षा सुटकेची भावना होती. तेवढी एकच गोष्ट तुम्ही आमच्यासाठी वाचवू शकला होतात.

आता माझ्या प्रथिनाचं ऐका. चाळणी बंद केल्यावर अपेक्षेप्रमाणे कचऱ्याचा ढीग पडला. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, तुला उकिरडा फुंकायची हौस आहे. मी म्हटलं, आहे. त्या ढिगातून मी फक्त असे तुकडे वेचले, जे उंदरात, गाईत आणि माणसात जवळपास सारखेच टिकून राहिलेत. कचरा कुणी इतका जपून ठेवत नाही. त्यातला एक हृदयाच्या स्नायूत पुन्हा पुन्हा दिसत होता. पण वीज सोडून लहानमोठी प्रथिनं सुटी करतात, त्या जेलच्या थरावर त्याची रेघ काही उमटेना. कित्येक आठवडे प्रयोग केला, पाटी कोरी. बाई म्हणाल्या, नाहीच आहे ते, हात झटक आता. मी चिडून जेलच्या पात्रासमोर खुर्ची टाकून बसले, आणि मग चूक दिसली. आपण सगळे काय करतो? खुणेसाठी सोबत सोडलेला निळा रंग जेलच्या तळातून बाहेर पडेपर्यंत वीज चालू ठेवतो, मोठी प्रथिनं नीट सुटी व्हावीत म्हणून. तुम्ही तसंच शिकवलंत, तुमच्या गुरूंनी तुम्हाला तसंच शिकवलं. माझं चिमुकलं प्रथिन त्या निळ्या रंगाच्याही पुढे धावत होतं. ते तळातून निसटून खालच्या द्रावणात जात होतं आणि ते द्रावण आम्ही इमानेइतबारे बेसिनमध्ये ओतत होतो! मी जास्त घट्ट जेल बनवलं, वीज निम्म्यावर बंद केली. अगदी खाली, काठाला, बारीक रेघ होती. मी एकटीच नाचले. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या, मग त्यांनीच दोघींसाठी कॉफी केली.

हृदयाचा स्नायू आकसतो आणि सैल होतो, त्यासाठी पेशीत कॅल्शियमची जी उचल-ठेव चालते, त्या पंपाला हे प्रथिन टेकू देतं. ते नसेल तर पंप चालतो, पण वर्षानुवर्षं दमत जातो. हे समजल्यावर मी तेच केलं, जे माझ्या जागी तुम्ही केलं असतंत. आईची जुनी माहिती काढली आणि चाळणीशिवाय वाचली. त्या एवढ्याशा कृतीत तिचं एक अक्षर बदललेलं आहे. मणी ओवता ओवता माळ मध्येच तुटते. नाव न लावता मी नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला, त्यांनीही तेच कळवलं.

तुम्ही ताटावरून उठलात ते याचसाठी ना? मी पुढचं काही बोलायच्या आत तुम्ही मनातल्या मनात शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचला होतात. चाळणी चुकली असेल, तर आईचा निकालही चुकला. बाबा, तुमच्या हातून हयगय झाली नाही. जे वाचायचं असतं असं सगळं जग मानत होतं, ते तुम्ही अक्षर न् अक्षर वाचलंत. पुढच्या महिन्यात परिषदेत बोलताना मी पहिलं वाक्य हेच म्हणणार आहे, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसलात तर मला बळ येईल. नाही आलात तरी मी बोलणार आहे. मला माघार घेता येणार नाही, आणि ती का, ते आता लिहिते.

तेच बदललेलं अक्षर माझ्यातही आहे. रुग्णालयाने त्यांच्या पद्धतीने वेगळं तपासून सांगितलं. हृदयावर अगदी थोडा परिणाम झालाय, वेळेत कळलंय, रोज दोन गोळ्या घेते आणि जिने नेहमीसारखे चढते. घाबरू नका. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात धाकट्याच्या टिंगूला पोहायला घेऊन गेले होते. तुमची नात, सगळ्या वर्गात तोंडाने पुढे, तलावाच्या मध्यावर दोरीला धरून थांबली आणि पोहायचा चष्मा नीट करायला लागली. चष्मा नीटच होता. दुसऱ्या फेरीलाही तेच. मी काठावर बसून तिचे ओठ निळे पडतात का ते बघत होते. कदाचित काही नसेलही. निम्मी शक्यता धाकट्यात ते अक्षर नसण्याची आहे, आणि त्याच्यात नसेल तर तिच्यातही नाही. पण मला कदाचितवर बसून राहायचं नाही.

धाकट्याला मी फक्त एवढंच म्हटलं की तू आणि टिंगू दोघं तपासून घ्या. तो उसळला. म्हणाला, ताई, तुला बाबांना खोटं पाडायचंय तर पाड, माझ्या पोरीला त्यात ओढू नकोस, बाबांनी सांगितलंय आपल्यात काही नाही. तुमचा शब्द त्याने काळ्या दगडावरची रेघ मानला आहे. तो माझ्या अहवालांनी पुसला जाणार नाही, तो तुम्हीच पुसायला हवा. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ही साधी भाषा. त्याला बोलवा, समोर बसवा, मागे बसवलं होतं तसंच, आणि हे वाचून दाखवा. माझ्या गोळ्यांचंही सांगा. रविवारी सकाळी मी त्याच्या दारात उभी राहणार आहे. त्याने दार लावलं तर पायरीवर बसेन, पण दोघांना तपासणीला घेतल्याशिवाय उठणार नाही. त्याच्या आत त्याला तुमचा फोन गेलेला असू दे. आईच्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं, बाबा. आता माहीत आहे.

तुमचीच,
हट्टी लेक